ताकातली वॅफल्स: कोल्हापुरात, घरच्या घरी, नाश्त्याला

वॅफलचं मशीन घरात आलं की सगळं घर मशीनभोवती गोळा होतं. दिवा कधी लागतो, झाकण कसं उघडतं, खण किती खोल आहेत, यावर चर्चा रंगते आणि पिठाकडे कुणाचं लक्ष नसतं. मशीनचं काम तापण्यापुरतं. वॅफल वरून कुरकुरीत आणि आतून हलकं होणार की चामट, हे ताकावर ठरतं. आणि दह्या-ताकाच्या बाबतीत कोल्हापूरकराला कुणाच्या दारात जायची गरज नाही. म्हणून इथे सुरुवात ताकापासून करू, मशीन नंतर.

हा लेख पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी आहे. दिलेल्या मापात चौकोनी, मध्यम आकाराची आठ ते दहा वॅफल्स होतात, म्हणजे चौघांचा नाश्ता. हात बसेपर्यंत सगळं निम्मं घेऊन करा.

ताक कसलं हवं

जेवणाबरोबर आपण पितो ते ताक पातळ असतं, वाटीभर दह्याला दोन-तीन वाट्या पाणी. त्यात पीठ भिजवलं तर वॅफल पांढरट आणि मधे ओलं राहतं, कारण साच्याचा सगळा ताव पाणी उडवण्यातच खर्च होतो. ताक कमी करून पीठ घट्ट ठेवलं तर आंबटपणा कमी पडतो. वॅफलला ताक दाट हवं आणि आंबटही हवं. अमेरिकेत या पदार्थासाठी जे ताक वापरतात, ते कमी स्निग्धांशाच्या दुधाला विरजण लावून केलेलं असतं, चांगलं दाटसर. लोणी काढून उरलेलं पाणीदार ताक ते नव्हे. त्यामुळे तिकडची कृती जशीच्या तशी उचलून आपलं पातळ ताक ओतलं की गणित चुकतं.

घरात असं ताक करायचे मार्ग सांगतो.

सगळ्यात सोपा मार्ग दह्याचा. ३०० ग्रॅम घट्ट दही, १२० मिली पाणी, रवीने किंवा व्हिस्कने एकजीव करा. झालं ४२० मिली. चमचा बुडवून उलटा धरा आणि पाठीवर बोटाने रेघ ओढा. रेघ तशीच राहिली तर ताक बरोबर. दोन्ही बाजूंनी ओघळून मिटली तर आणखी दोन चमचे दही घाला.

दुसरा मार्ग ज्यांच्या घरी साय साठवून, विरजून, घुसळून लोणी काढतात त्यांच्यासाठी. हे ताक चवीला सगळ्यात चांगलं. फक्त घुसळताना लोणी सुटावं म्हणून त्यात बरंच पाणी घातलेलं असतं. ते पाणी काढायची युक्ती सोपी आहे: ताक रात्री फ्रिजमध्ये ठेवा आणि हलवू नका. सकाळपर्यंत वर निवळ जमते. ती वाटीने अलगद काढून घ्या आणि खाली उरलेलं दाट ताक वॅफलला वापरा. निवळ ओतून देऊ नका, कणीक मळायला चालते.

तिसरा मार्ग अडचणीच्या वेळचा. ३६० मिली कोमट दुधात दीड मोठा चमचा लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालून दहा मिनिटं ठेवा. दूध किंचित फाटतं. आंबटपणा मिळतो, दाटपणा मिळत नाही, म्हणून दूध ४२० न घेता ३६० मिली. वॅफल बरं होतं. दही घरात असताना मात्र या वाटेला जाऊ नका.

पिशवीतलं मसाला ताक वापरू नका हे वेगळं सांगायला नको, पण सांगतो. त्यात मीठ, जिरं, मिरची सगळं असतं आणि वर काकवी ओतल्यावर जे काही लागतं त्याला नाश्ता म्हणवत नाही.

आता दुधाबद्दल दोन शब्द. म्हशीच्या दुधाचं दही घट्ट लागतं, कारण त्यात स्निग्धांश आणि घन भाग दोन्ही जास्त. पिशवीतलं घेणार असाल तर फुल क्रीम घ्या. त्यात किमान ६ टक्के स्निग्धांश असतो, टोन्डमध्ये ३. रतीबाचं म्हशीचं दूध येत असेल तर प्रश्नच नाही. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर पिळलेलं धारोष्ण दूध उभ्या उभ्या पिणाऱ्या गावात दाट दुधाची महती कुणी कुणाला सांगायची! पण ते कच्चं दूध असतं, घरी आणलं तर नीट तापवून, कोमट करून मगच विरजण लावा.

दही किती आंबट हवं, याचं माप जिभेवर आहे. संध्याकाळी लागलेलं ताजं गोड दही चालत नाही. ते रात्रभर फ्रिजबाहेर ठेवा. उन्हाळ्यात इतकाही वेळ लागत नाही, एप्रिल-मेच्या उकाड्यात दुपारचं दही रात्रीपर्यंत आंबतं. डिसेंबर-जानेवारीत उलट, थंडीत दही लागायलाच उशीर होतो, म्हणून विरजण आदल्या सकाळी लावा आणि भांडं जाड फडक्यात गुंडाळून ठेवा. चाखल्यावर आंबट जाणवलं पाहिजे, दात आंबले तर जास्त झालं.

आंबटपणा आणि सोडा

इथे जरा थांबू, कारण सगळी मेख इथेच आहे. ताकातलं लॅक्टिक आम्ल आणि खाण्याचा सोडा भेटले की कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्याचे बुडबुडे पिठात अडकतात, साच्याच्या उष्णतेने फुगतात आणि वॅफल आतून जाळीदार होतं. सोड्याचं दुसरं कामही आहे: तो पिठातलं आम्ल कमी करतो आणि त्यामुळे पृष्ठभागावर रंग लवकर चढतो. तांबूस, खमंग वॅफल हवं असेल तर सोडा लागतोच.

पण सोड्याला पुरेसं आम्ल मिळालं नाही तर उरलेला सोडा साबणासारखा लागतो आणि वॅफलवर पिवळट डाग दिसतात. साधारण हिशेब असा की अर्ध्या छोट्या चमच्या सोड्याला २४० मिली आंबट ताक पुरतं. आपण ४२० मिली घेतोय, म्हणजे सोडा सगळा वापरला जाऊन थोडा आंबटपणा मागे राहतो. ताकातल्या वॅफलची म्हणून जी चव असते ती हीच.

मग बेकिंग पावडर कशाला? सोड्याचा जोर पीठ कालवल्याबरोबर सुरू होतो आणि लवकर ओसरतो. शेवटचं वॅफल साच्यात जाईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं गेलेली असतात. बेकिंग पावडरचा एक भाग ओलाव्याने आणि दुसरा उष्णतेने कामाला लागतो, त्यामुळे उशिरा भाजलेलं वॅफलही फुगतं. दोन्ही लागतात.

दही हवं तितकं आंबलं नसेल आणि थांबायला वेळ नसेल, तर सोडा पाव छोट्या चमच्यावर आणा, बेकिंग पावडर दोन छोटे चमचे करा. वॅफल फुगेल, रंग थोडा फिका येईल.

कपाटात मागे पडलेली बेकिंग पावडर वापरण्याआधी तपासा. अर्धी वाटी गरम पाण्यात चमचाभर टाकली की भरभरून फेस यायला हवा. सोडा तपासायचा तर त्यावर लिंबू पिळा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात उघड्या पुडीतली पावडर दमट होऊन निकामी होते, म्हणून ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

साहित्य

शक्यतो वजनकाट्यावर मोजा. वाटी प्रत्येक घरात वेगळी असते.

मैदा २२० ग्रॅम
कॉर्नफ्लोअर ३० ग्रॅम
साखर २५ ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे
बेकिंग पावडर दीड छोटा चमचा
खाण्याचा सोडा अर्धा छोटा चमचा
मीठ अर्धा छोटा चमचा
दाट आंबट ताक ४२० मिली
अंडी २
लोणी ८० ग्रॅम, वितळवून कोमट केलेलं
साच्याला लावायला तूप

छोटा चमचा म्हणजे ५ मिलीचा, मोठा १५ मिलीचा. चमचे सपाट भरायचे.

कॉर्नफ्लोअर कुरकुरीतपणासाठी आहे. मैद्यातल्या प्रथिनांमुळे पिठाला ताण येतो, कॉर्नफ्लोअरमध्ये निव्वळ पिष्ट असतं, त्यामुळे तो ताण कमी होतो. नसेल तर सगळा मैदाच घ्या. गव्हाचं पीठ वापरायचं असेल तर निम्मा मैदा काढून त्या जागी घाला आणि ताक दोन मोठे चमचे वाढवा, कारण कोंडा पाणी ओढतो. नाचणीचं पीठ पाव भागाच्या वर नेऊ नका, वॅफल काढताना तुटतं.

लोणी घरचं पांढरं असेल तर उत्तम. विकतचं पिवळं, खारं लोणी घेतलं तर वरचं मीठ चिमटीभरच ठेवा. तूपही चालतं, पण लोण्यात साधारण ८० टक्केच स्निग्धांश असतो आणि तुपात जवळपास सगळाच, म्हणून ८० ग्रॅम लोण्याच्या जागी ६५ ग्रॅम तूप पुरतं. हे स्निग्ध कमी करायचा मोह होईल, आरोग्याचं नाव सांगून घरातलं कुणीतरी बोलेलही. कमी केलं की वॅफल साच्याला चिकटतं आणि पावासारखं मऊ होतं. त्यापेक्षा एक वॅफल कमी खा.

गावरान अंडी लहान असतात, ती दोनऐवजी तीन घ्या.

मशीन

बाजारात दोन प्रकार दिसतात. एक विजेचं, दोन चौकोनी खणांचं किंवा एका गोल खणाचं. दुसरा गॅसवर ठेवायचा, लांब दांड्यांचा, उलटता येणारा साचा.

नव्याने सुरू करणाऱ्याने विजेचं घ्यावं असं माझं मत आहे, कारण ताप दोन्ही बाजूंनी सारखा मिळतो. घेताना डब्यावर वॅट किती ते बघा. ७५० ते १००० वॅटचं घरासाठी ठीक. त्याहून फारच कमी असेल तर साचा एका वॅफलनंतर थंड पडतो आणि पुढचं वॅफल भाजण्याऐवजी वाफवलं जातं. १००० वॅटचं मशीन २३० व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या आत वीज घेतं, म्हणजे ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर चालतं. मात्र मिक्सर, इस्त्री आणि हे मशीन एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका.

खोल खणांचं मशीन घ्यावं की उथळ? खोल खणात लोणी-काकवी साठते आणि वॅफल आत मऊ राहतं, उथळ खणातलं पातळ आणि जास्त कुरकुरीत होतं. हे पीठ दोन्हींत चालतं, वेळ तेवढी बदलते.

गॅसवरचा साचा मुळात जुना प्रकार. शेगडीवर ठेवून उलटता येणाऱ्या अशा साच्याचं पेटंट अमेरिकेत ट्रॉय इथल्या कॉर्नेलियस स्वार्टवाउट यांनी १८६९ साली घेतलं. वीज लागत नाही हा त्याचा मोठा फायदा. त्याला मध्यम आच ठेवा, दोन्ही बाजू आधी तापवून घ्या, पीठ घालून बंद केल्यावर मिनिटभरातच उलटा, म्हणजे पीठ वरच्या खणांतही भरतं, आणि मग दोन्ही बाजू दोन-तीन मिनिटं भाजा. आच मोठी केली की बाहेरून करपतं आणि आत कच्चं राहतं.

नवीन साचा आधी ओल्या फडक्याने पुसून, सुकवून, तूप लावून एकदा रिकामाच तापवा. सुरुवातीला कारखान्याचा वास येतो तो निघून जातो. खिडकी उघडी ठेवा.

पीठ कालवणं

ताक आणि अंडी फ्रिजमधून अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढा. हे चुकवू नका. थंड ताकात वितळलेलं लोणी घातलं की ते लगेच गोठतं, पिठात कण कण दिसतात आणि साच्यात एका जागी तुपट, एका जागी कोरडं वॅफल निघतं.

एका मोठ्या भांड्यात मैदा, कॉर्नफ्लोअर, बेकिंग पावडर, सोडा आणि मीठ दोनदा चाळा. सोड्याचा खडा राहिला तर तो नेमका पाहुण्याच्या घासात येतो. मग साखर मिसळा. दुसऱ्या भांड्यात अंडी फेटा, त्यात ताक घाला, मग कोमट लोणी बारीक धारेने ओतत ढवळा.

कोरड्या पिठात मधे खळगा करून ओलं मिश्रण एकदम ओता आणि लाकडी उलथन्याने खालून वर घ्या. दहा-पंधरा हात फिरले की थांबा. कोरडं पीठ दिसेनासं झालं एवढंच बघायचं. बारीक गुठळ्या दिसतील. पिठल्यात गुठळी राहिली तर घरभर बोलणी बसतात, म्हणून आपला हात आपोआप फिरतच राहतो. इथे तो आवरायचा. जास्त ढवळलं की मैद्यातलं ग्लूटेन ताणलं जातं, जमलेले बुडबुडे फुटतात आणि वॅफल चिवट होतं. गुठळ्या साच्यात विरघळतात. मिक्सर आणि ब्लेंडर तर कपाटातच राहू द्या.

पीठ भज्याच्या पिठाहून सैल आणि डोशाच्या पिठाहून घट्ट असावं. उलथनं उचललं की जाड पट्टीने पडलं पाहिजे. फार घट्ट वाटलं तर चमचा-चमचा ताक घाला. आता दहा मिनिटं झाकून ठेवा. मैदा ओलावा शोषतो आणि वर बुडबुडे दिसायला लागतात. अर्ध्या तासाच्या आत भाजायला घ्या.

जास्त हलकं हवं असेल तर अंड्याचे पांढरे भाग वेगळे काढून फेस उभा राहीपर्यंत फेटा आणि सगळ्यात शेवटी अलगद मिसळा. भांडं एक वाढतं, दहा मिनिटं जास्त जातात. पाहुणे असतील तर करा, रोजच्या सकाळी नको.

आदल्या रात्रीच तयारी करून ठेवायची आहे? कोरडं एका डब्यात, ताक-अंडी दुसऱ्या डब्यात फ्रिजमध्ये, आणि सकाळी लोणी वितळवून सगळं एकत्र. कालवलेलं पीठ रात्रभर ठेवलं तर सकाळपर्यंत सोड्याचा जोर संपलेला असतो.

भाजणं

मशीन तापलं असं दिव्याने सांगितलं तरी आणखी तीन-चार मिनिटं द्या. दिवा आतला एक बिंदू तापला एवढंच सांगतो, सगळा साचा तापायला वेळ लागतो. पाण्याचा थेंब टाकला तर तो लगेच चुरचुरून उडाला पाहिजे.

सिलिकॉनच्या ब्रशने खणाखणांत तूप लावा. लोणी लावू नका, त्यातला दुधाचा अंश जळून काळा थर बसतो. डब्यातला फवारा मारायचा तेलही नॉनस्टिकवर चिकट थर धरतं, आणि तो मग निघता निघत नाही.

चौकोनी खणाला साधारण ९० मिली पीठ लागतं. एकच डाव ठरवून घ्या म्हणजे दर वेळी तेवढंच पडेल. पीठ मध्यभागी ओता आणि कडेला बोटभर जागा सोडा, झाकण मिटल्यावर ते स्वतःच पसरतं. झाकण दाबू नका. बाहेर ओघळलंच तर ते तसंच भाजू द्या, सुकल्यावर आपोआप सुटतं.

आता वाफ बघायची. झाकण मिटल्याबरोबर कडेने भसाभस वाफ येते. तीन मिनिटांपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही, पोरांनी कितीही घाई केली तरी. अर्धवट वॅफल वरच्या आणि खालच्या साच्याला एकदमच चिकटलेलं असतं. झाकण उचललं की त्याचे मधोमध दोन पापुद्रे होतात आणि मग काड्यांनी उकरत बसावं लागतं. वाफ कमी होत जवळपास थांबली की समजा आतलं पाणी गेलं. साधारण चार ते पाच मिनिटं लागतात, खोल खणाला सहापर्यंत. झाकण हलकेच उचलून बघा. अडलं तर जोर लावू नका, आणखी अर्धा मिनिट द्या.

रंग पिवळ्या गुळाच्या ढेपेइतका आला की काढा. त्याहून फिकं वॅफल ताटात जाईपर्यंत मऊ पडतं. काढायला लाकडी किंवा सिलिकॉनचं उलथनं घ्या, सुरी-काटा नॉनस्टिकला लागू देऊ नका.

काढलेलं वॅफल जाळीवर ठेवा. ताटलीत ठेवलं की खालची वाफ कोंडते, एकावर एक ठेवली तर सगळीच ओली होतात. एक मिनिटभर जाळीवर राहिलं की कुरकुरीतपणा आणखी वाढतो. पुढचं पीठ घालण्याआधी मिनिटभर साचा बंद करून तापू द्या.

आठ-दहा वॅफल्स भाजायला वेळ लागतो. ओव्हन असेल तर १०० अंशांवर जाळीत ठेवता येतात. नसेल तर खाणाऱ्यांना पानावर बसवा आणि जसजशी निघतील तसतशी वाढा, गरम पोळी वाढतो त्याच शिस्तीने. पावसाळ्यात तर दुसरा इलाजच नाही. जुलैच्या झडीत हवेत इतका ओलावा असतो की पाच मिनिटांत वॅफल मवाळतं.

काही बिघडलं तर

फिकं आणि मऊ झालं: साचा पुरता तापला नव्हता किंवा ताक पातळ होतं. आधी साचा आणखी तापवून बघा. तरी तसंच झालं तर उरलेल्या पिठात दोन चमचे मैदा हलकेच मिसळा.

चिकटलं: तूप कमी, साखर जास्त, किंवा घाई. साखर २५ ग्रॅमच्या पुढे नेली की ती साच्यात वितळून डिंक होते. गोडी वरून घ्या.

साबणाची चव आली: सोडा जास्त किंवा दही गोड. उरलेल्या पिठात छोटा चमचाभर लिंबाचा रस घालून हलकेच हलवा.

चिवट झालं: हात जास्त फिरला. त्या पिठाला आता उपाय नाही, काकवी जरा जास्त ओता.

अंडं चालत नसेल तर

वार पाळणारी माणसं प्रत्येक घरात असतात, आणि श्रावणात तर जवळपास अख्खं घर. दोन अंड्यांच्या जागी ताक ६० मिली वाढवा, कॉर्नफ्लोअर एक मोठा चमचा आणि बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा वाढवा. अंडं पिठाला धरून ठेवतं, ते नसल्याने वॅफल काढताना नाजूक असतं, म्हणून आणखी मिनिटभर भाजा. रंग थोडा फिका येतो, कुरकुरीतपणात फरक पडत नाही.

वरून काय

वॅफलवर मॅपलचा पाक ओतायची पद्धत तिकडची. मॅपल झाडाचा रस आटवून तो करतात. आपल्याकडे उसाचा रस आटवून होणारी काकवी आहे, आणि माझ्या जिभेला ताकातल्या आंबट वॅफलवर ती जास्त जुळते. गुऱ्हाळं थंडीत जोरात असतात, तेव्हा ताजी काकवी मिळते. एक मोठी बाटली भरून आणा. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच गुऱ्हाळातल्या काकवीचं कौतुक करायला कुठल्या शिक्क्याची वाट बघायला नको.

काकवी संपली असेल तर १५० ग्रॅम गूळ ६० मिली पाण्यात मंद आचेवर विरघळवा, गाळून काडीकचरा काढा आणि तीन-चार मिनिटं उकळा. गरम असताना पातळ वाटला तरी थांबा, थंड झाल्यावर दाट होतो. जास्त आटवला तर चिक्कीचा पाक होईल.

गरम वॅफल, त्यावर पांढऱ्या लोण्याचा लिंबाएवढा गोळा, तो वितळायला लागला की काकवी. ओतायची ती खाताना, आधी ओतून ठेवली तर खण भिजून मऊ पडतात. हिवाळ्यात महाबळेश्वरकडची स्ट्रॉबेरी येते, ती चिरून साखर लावून अर्धा तास ठेवा. मे महिन्यात घाटाखालून हापूस येतो तेव्हा मात्र काकवी बाजूला ठेवा आणि नुसत्या फोडी घ्या. केळं बारा महिने आहेच.

तिखट खाणाऱ्यांसाठी

सकाळी सकाळी गोड कोण खाणार, असं म्हणणारा एक तरी माणूस कोल्हापुरातल्या प्रत्येक घरात असतो. त्याच्यासाठी पीठ वेगळं काढा. साखर एका छोट्या चमच्यावर आणा (रंगासाठी तेवढी हवीच), आणि निम्म्या पिठाला एक छोटा चमचा घरची चटणी, मूठभर चिरलेली कोथिंबीर आणि ४० ग्रॅम किसलेलं चीज घाला. चटणी म्हणजे अर्थात कांदा-लसणाची. त्यात मीठ असतंच, तेव्हा वरचं मीठ निम्मं करा. चीज साच्याला लागून खरपूस होतं, म्हणून तूप जरा हात सैल सोडून लावा. कच्चा कांदा पिठात घालू नका, त्याला पाणी सुटतं.

हे तिखट वॅफल मिसळीबरोबर पावाच्या जागी घेऊन बघा. खणांत कट साठतो आणि कडा शेवटच्या घासापर्यंत कुरकुरीत राहतात. मिसळीला हात लावल्याबद्दल कुणी चिडलं तर त्याला त्याचा ब्रेड द्या, वाद घालू नका. अमेरिकेत तळलेलं चिकन वॅफलवर ठेवून खायची रूढ पद्धत आहे. आपल्याकडे रविवारी सुकं मटण असतंच. साखर वगळून केलेल्या साध्या वॅफलवर ते घ्या, पण मग त्याला नाश्ता म्हणू नका, दुपारी झोप ठरलेली.

उरलं तर, आणि साचा धुताना

कालवलेलं पीठ उरलं तर फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पाव छोटा चमचा बेकिंग पावडर घालून वापरा. आदल्या दिवसाइतकं फुगणार नाही. त्यापेक्षा सगळी वॅफल्स भाजून जाळीवर पूर्ण गार करा, मधे बटर पेपर घालून पिशवीत बंद करा आणि फ्रीझरमध्ये ठेवा. महिनाभर चांगली राहतात. खाताना टोस्टरमध्ये किंवा मंद तव्यावर दोन्ही बाजूंनी गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये घातली तर ती ओलसर आणि चिवट होतात. शाळेच्या सकाळी ही फ्रीझरमधली चार वॅफल्स फार उपयोगी पडतात.

मशीन नळाखाली कधीच धरायचं नाही. प्लग काढा, साचा कोमट होऊ द्या आणि ओलसर फडक्याने पुसा. खणात अडकलेलं पीठ नव्या, मऊ टूथब्रशने निघतं. चिकटून बसलं असेल तर ओला, घट्ट पिळलेला कपडा साच्यात ठेवून, प्लग न लावता, झाकण मिटून दहा मिनिटं ठेवा, मग पुसा. पूर्ण कोरडं झाल्यावरच कपाटात ठेवा, आणि झाकण किंचित उघडं राहू द्या म्हणजे आत वास धरत नाही.